पोलिसांकडून निघालेलं 5906: कामाच्या नोंदी

2 मार्च 2024: ऑर्डर

स्मिथ अँड वेसन 5906, 9 मि.मी. अमेरिकेतल्या एका पोलिस खात्याने नवी पिस्तुलं घेताना जुनी विक्रेत्याला देऊन टाकली, त्यातलं एक. किंमत 389 डॉलर, चार-पाचातून बरं निवडून देण्याचे 20, पाठवणीचे 25. सोबत तीन मॅगझिन (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डब्या).

मॉडेलचे आकडे वाचता आले की जाहिरातीतला फोटो धूसर असला तरी अडत नाही. पहिले दोन 59, म्हणजे 9 मि.मी., पूर्ण आकार, दुपदरी मॅगझिन (काडतुसं दोन रांगांत). तिसरा 0 असेल तर पहिली गोळी लांब ओढीने आणि पुढच्या हलक्या ओढीने सुटतात, स्लाइडवर (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) सेफ्टीचा खटका असतो. तिथे 4 असेल तर प्रत्येक गोळीला लांब ओढ. न्यूयॉर्क पोलिस आणि कॅनडाचे संघीय पोलिस (आरसीएमपी) यांनी वापरलेलं 5946 ते हेच. शेवटचा 6 म्हणजे फ्रेमसुद्धा स्टेनलेस स्टीलची. 5903 आणि 5904 ची फ्रेम ॲल्युमिनियमची असते. ती वजनाला हलकी, पण झिजलेली निघाली तर तिला फारसा इलाज नाही. म्हणून 6 वर अडून राहणं बरं, वजन किलोच्या थोडं वर गेलं तरी चालेल.

विक्रेत्याच्या त्याच यादीत .40 कॅलिबरचं 4006 ही होतं, कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने 1990 पासून वापरलेलं मॉडेल. पिस्तूल उत्तम, पण काडतुसं महाग आणि झटका जास्त. सरावासाठी 9 मि.मी. परवडतं.

9 मार्च: ताबा

पिस्तूल घरी येत नाही, परवानाधारक (एफएफएल) डीलरकडे येतं. तिथे फॉर्म 4473 भरायचा, पार्श्वभूमी तपासणी होते, मगच ताबा. डीलरकडून हँडगन घ्यायला वय 21 पूर्ण लागतं. डीलरची फी 35 डॉलर.

आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एच-1बी किंवा तत्सम बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत. ‘रेंजवर चल, दोन राउंड मार’ म्हणून त्याच्या हातात पिस्तूल देणं हेही ‘बाळगणं’ धरलं जाऊ शकतं, आणि त्यात गुंतलं ते त्याचं इमिग्रेशन. ग्रीन कार्डवाल्याला घेता येतं. पुढे भारतात परतताना हे सोबत नेण्याचा विचार सोडून द्या. तिकडे 9 मि.मी. प्रतिबंधित बोअरमध्ये (नळीच्या मापात) मोडतं, साध्या परवान्यावर मिळत नाही.

काउंटरवरच उघडून पाहिलं. मॅगझिन काढून, स्लाइड मागे अडकवून, चेंबर (नळीचं मागचं टोक, जिथे काडतूस बसतं) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासून मग पुढचं सगळं:

नळीत टॉर्च टाकला. खाचांच्या कडा धारदार, खड्डे नाहीत, मध्येच गोल कडं दिसत नाही (तसं कडं म्हणजे आधी गोळी अडकलेली असताना दुसरी झाडली गेली आणि नळी फुगली). पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) बाहेर पडते त्या खिडकीचे कोपरे आणि फ्रेमच्या पट्ट्या भिंगाने पाहिल्या, तडा नाही. बाहेरून मात्र होल्स्टरने घासून घासून उजवी बाजू चकचकीत, मागच्या साइटचे (नेम धरायच्या खुणेचे) कोपरे गोल, मुठीच्या टाचेला टवका. पोलिसांचं पिस्तूल कमरेला वर्षानुवर्षं राहतं, झाडलं जातं ते बहुतेक पात्रता चाचणीपुरतं. तेव्हा बाहेरच्या ओरखड्यांवरून आतल्याचा अंदाज करू नये, चांगला नाही आणि वाईटही नाही.

रिकाम्या पिस्तुलावर चार चाचण्या. लांब ओढ: घोडा मागे जाऊन पडतो. हलकी ओढ: घोडा चढवून चाप ओढला, पडतो. घोडा चढलेला असताना सेफ्टीचा खटका खाली: घोडा सुखरूप उतरतो, आणि खटका खालीच असेपर्यंत चाप नुसता ढिला हलतो. शेवटची, मॅगझिन बाहेर असताना चाप ओढला तर घोडा पडता कामा नये. रिकामं मॅगझिन घातल्यावर पडला पाहिजे. चारही बरोबर. ही शेवटची सोय काढून टाकण्याचे सल्ले बरेच मिळतात. काढू नका. पण तिच्या भरवशावर पिस्तूल ‘रिकामं’ही समजू नका.

10 मार्च: उघडणं आणि साफसफाई

खोलीत काडतुसं नाहीत. स्लाइड मागे घेऊन तिच्या डाव्या कडेची अर्धगोल खाच स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवणाऱ्या खटक्याच्या) बरोबर वर आणायची, उजवीकडून पिनचं टोक दाबायचं, डावीकडून स्टॉप ओढून घ्यायचा. स्लाइड पुढे निघते. आत रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) दाबात असते, तिच्यावर अंगठा ठेवूनच काढावी.

आत तेल वाळून मधासारखं घट्ट, तपकिरी. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली पितळेचा चुरा आणि काजळी इतकी दाबून बसलेली की नख नीट मिटतच नव्हतं. लाकडी टूथपिकने खरवडली. इथे स्टीलचं टोक वापरलं तर नखाची धार जाते. नळी, चेंबर, फीड रॅम्प (काडतूस चेंबरमध्ये सरकतं तो चढ) ब्राँझ ब्रशने.

परत जोडताना सगळ्यांचं अडतं ते एकाच जागी. फ्रेमच्या मागच्या भागात, घोड्याच्या पुढे, तीन छोटे भाग वर आलेले असतात: इजेक्टर, सिअर रिलीज लिव्हर आणि फायरिंग पिन सेफ्टी लिव्हर (फायरिंग पिन म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी सुई). स्लाइड त्यांना धडकते आणि थांबते. जोर केला की यातलं एखादं वाकतं. आइस्क्रीमच्या काडीने तिन्ही एकदम खाली दाबून धरायचे आणि स्लाइड त्यांच्यावरून अलगद सरकवायची. ती आपल्या वजनाने सरकल्यासारखी गेली पाहिजे. न गेल्यास मागे घेऊन पुन्हा.

तेल: फ्रेमच्या दोन्ही पट्ट्यांवर एकेक थेंब, नळीच्या बाहेरच्या चकाकणाऱ्या भागावर एक, स्लाइड स्टॉपच्या पिनला पुसट. फायरिंग पिनच्या बोगद्यात तेल अजिबात नाही. साफसफाईला जेमतेम दोन तास, त्यातला बराचसा वेळ एक्स्ट्रॅक्टरपाशी. चिंध्या, ब्रश आणि सॉल्व्हंट स्वयंपाकघरापासून लांब. काजळीत शिसं असतं.

16 मार्च: पहिली रेंज

115 ग्रेन (साधारण साडेसात ग्रॅम) पूर्ण आवरणाची गोळी, 50 च्या दोन पेट्या, 28 डॉलर. मॅगझिनांच्या तळाला रंगाने 1, 2, 3 आकडे घातलेले. जुन्या पिस्तुलासाठी ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे, कारण निम्मे जाम पिस्तुलाचे नसतातच, मॅगझिनचे असतात.

काय घडलं:

मॅगझिन 1: अडचण नाही.

मॅगझिन 2: शेवटच्या दोन-तीन गोळ्यांना नाक खाली घालून अडकणं, आणि रिकामं झाल्यावर स्लाइड मागे अडकत नाही. दर वेळी.

मॅगझिन 3: मध्येच दोन काडतुसं एकदम वर.

याशिवाय तीन काडतुसं सुटलीच नाहीत, तीही वेगवेगळ्या मॅगझिनमधली. अशा वेळी तोंड निशाणाकडेच ठेवून 30 सेकंद थांबायचं, मग काढायचं. प्रायमरवरचे (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीवरचे) खड्डे चांगल्या सुटलेल्या पुंगळ्यांशेजारी ठेवून पाहिले: उथळ, निम्म्या खोलीचे. म्हणजे दोष काडतुसाचा नाही, ठोका कमी बसतोय.

पुंगळ्या 15 ते 20 फुटांवर जाऊन पडत होत्या, शेजारच्या लेनमध्ये. रिकॉइल स्प्रिंग थकल्याची खूण.

एक सवय बदलावी लागते. स्लाइड वरून पंजाने पकडून ओढली की सेफ्टीचा खटका हाताने नकळत खाली जातो, आणि पुढच्या वेळी चाप ढिला लागतो. मग माणूस पिस्तुलाला दोष देतो. दोन बोटांच्या चिमटीत मागून ओढावी, किंवा ओढून झाल्यावर अंगठ्याने खटका वर करून घ्यावा.

17 मार्च: निदान, भागांची ऑर्डर

मॅगझिन 3 च्या ओठांमधलं (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांमधलं) अंतर कॅलिपरने मोजलं, 1 च्या तुलनेत अर्धा मिलिमीटर जास्त. पक्कडीने दाबून ‘दुरुस्त’ केलेले ओठ दोन-चार वेळा नीट चालतात आणि मग पुन्हा उघडतात. हे मॅगझिन बाद. मॅगझिन 2 चे ओठ ठीक, स्प्रिंग मेलेली.

या मॅगझिनांवर ‘फक्त पोलिस आणि सरकारी वापरासाठी’ असा इंग्रजी शिक्का आहे. नवा खरेदीदार घाबरतो. 13 सप्टेंबर 1994 ते 13 सप्टेंबर 2004 या दहा वर्षांत 10 पेक्षा जास्त क्षमतेच्या नव्या मॅगझिनांवर संघीय बंदी होती, तेव्हाचा तो शिक्का. बंदी 2004 मध्ये संपली, आता इथे टेक्सासमध्ये त्याला अर्थ उरलेला नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स इथे मात्र राज्याची मर्यादा 10 चीच आहे. तिथल्या माणसाने 15 ची मॅगझिन मागवूच नयेत.

मागवलं: रिकॉइल स्प्रिंग 9 डॉलर, मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी) 9, मॅगझिन स्प्रिंगचा संच 25, मेक-गार कंपनीची 15 गोळ्यांची नवी मॅगझिन दोन, प्रत्येकी 32. स्प्रिंग सगळ्या मूळ ताकदीच्या. चाप हलका व्हावा म्हणून कमी ताकदीची मेनस्प्रिंग घालण्याचा मोह होतो, पण ठोका आधीच उथळ पडत असताना ते उलट्या दिशेचं काम आहे.

मॉडेल 59, 459, 659 आणि 5900 मालिकेची मॅगझिन एकमेकांत चालतात, त्यामुळे जुन्या बाजारात भरपूर दिसतात. वापरलेल्या दोनांवर 45 डॉलर गेले आणि दोन्हींचे ओठ फाकलेले निघाले. नवी घ्या.

30 मार्च: स्प्रिंग बदलल्या

जुनी रिकॉइल स्प्रिंग नवीशेजारी उभी केली तर बोटाच्या एका पेरभर बुटकी. नवी स्प्रिंग पहिल्यांदा दाबून बसवल्यावर स्वतःच थोडी आखडते, म्हणून दोघींची तुलना नवी एकदा वापरून झाल्यावर केली तर खरी. स्लाइड आता ओढायला स्पष्ट जड.

मॅगझिन 2 उघडताना तळपट्टी सरकवायच्या आधी अंगठा तयार ठेवा, आतली स्प्रिंग थेट कपाळाकडे येते. डोळ्यांवर चष्मा हवाच. स्प्रिंगची दिशा काढायच्या आधी फोटोत टिपून घ्यावी. उलटी बसली तरी मॅगझिन बंद होतं, आणि मग फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) पुढून झुकून पुन्हा तोच नाक खाली घालणारा जाम. आतली भिंत कोरड्या फडक्याने. मॅगझिनला तेल नको, त्यात धूळ चिकटते.

मेनस्प्रिंग आज राहू दिली. तिच्यासाठी मूठ काढावी लागते आणि टवका उडालेली मूठ तशीही बदलायची आहे, एकदमच करू.

6 एप्रिल: दुसरी रेंज

पुंगळ्या आता सहा-आठ फुटांवर, एका ठिकाणी ढीग. मॅगझिन 1, 2 आणि दोन्ही नवी: एकही जाम नाही, शेवटच्या गोळीनंतर स्लाइड दर वेळी मागे अडकली.

न सुटणारी काडतुसं मात्र अजून आहेत. 150 मध्ये चार. खड्डे तसेच उथळ. तेव्हा उरल्या दोन शक्यता, थकलेली मेनस्प्रिंग किंवा फायरिंग पिनच्या बोगद्यात चिकटा.

घरच्या घरी फरक कळतो. स्लाइड वेगळी करून, आतून फायरिंग पिन सेफ्टीचा छोटा प्लंजर (दट्ट्या) बोटाने दाबून धरायचा आणि पिनचं मागचं टोक पंचाने (पिन ठोकायच्या सळईने) ढकलायचं. टोक समोर बाहेर यायला हवं आणि सोडताच टुणकन परत. इथे ते गेलं, पण परत यायला आळस करत होतं. (हे करताना सेफ्टीचा खटका वरच्या स्थितीत हवा, नाहीतर पिनपर्यंत पोचताच येत नाही.)

13 एप्रिल: गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा), 60 डॉलर

फायरिंग पिन काढायची तर स्लाइडवरची सेफ्टी संपूर्ण उतरवावी लागते. त्यात बारीक स्प्रिंग आणि प्लंजर आहेत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उडाले तर गेले. हे मॉडेल उत्पादनातून केव्हाच बंद झालं आहे, सुटे भाग जुन्या साठ्यातून किंवा मोडीत काढलेल्या पिस्तुलांतून शोधावे लागतात, तेव्हा हरवलेला दोन मिलिमीटरचा प्लंजरसुद्धा काम आठवडाभर थांबवतो. 60 डॉलर इथे वसूल झाले.

बोगद्यातून निघालेला गाळ कागदावर पाहिला: काळपट तपकिरी, गोंदासारखा, त्यात पितळेची चमक. वर्षानुवर्षं कोणीतरी फायरिंग पिनच्या भोकातून तेल फवारत राहिलं असणार. होल्स्टरमध्ये तोंड खाली ठेवलेल्या पिस्तुलात ते तिथेच साचतं आणि आटतं. गनस्मिथने बोगदा कोरडा करून पिन पुन्हा बसवली. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंगही त्याने दाबून पाहिली, ठीक आहे.

27 एप्रिल: नेम, आणि साइटला हात का लावला नाही

150 गोळ्या, सगळ्या सुटल्या. आता नेम तपासायची वेळ.

15 यार्डांवर (साडेतेरा मीटरच्या आसपास) उभ्याने मारलेला पुंजका मध्यापासून दोन इंच डावीकडे. साइट सरकवायची तर हिशोब सोपा आहे: चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले निशाणापर्यंतचं अंतर. साइटमधलं अंतर सहा इंच धरलं तर 2 × 6 ÷ 540, म्हणजे 0.022 इंच, अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. गोळी उजवीकडे न्यायची तर मागची साइट उजवीकडे.

पण आधी पिशवीवर टेकवून मारलं. पुंजका मध्यावर आला आणि तीन इंचांत मावला. मग एका डावखुऱ्या माणसाला उभ्याने मारायला दिलं, त्याच्या गोळ्या उजवीकडे गेल्या. साइट जागेवर आहे, बोट चाप सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतंय. लांब ओढीची पहिली गोळी तर सर्वांचीच भरकटते. तिचा वेगळा सराव करावा लागतो: दर गोळीनंतर खटका खाली, घोडा उतरवला, खटका वर, पुन्हा लांब ओढ.

या मॉडेलची मागची साइट उगाच हलवू नये याचं दुसरं कारण तिच्या पोटात आहे. फायरिंग पिन सेफ्टीचा प्लंजर आणि त्याची स्प्रिंग साइटच्याच खाली दाबून ठेवलेली असते. साइट पूर्ण बाहेर सरकली की स्प्रिंग छताकडे, आणि ती बसवल्याशिवाय पिस्तूल वापरायचं नाही.

साइटमधले रात्री चमकणारे ठिपके विझलेत. ते ट्रिटियमचे असतात, अर्धआयुष्य 12.3 वर्षं, विसाव्या शतकातल्या ठिपक्यांकडून आता काय अपेक्षा ठेवायची. नवा संच शंभर डॉलरच्या वर आणि बसवायची मजुरी वेगळी. रेंजपुरत्या वापरासाठी पुढच्या साइटवर केशरी नेलपॉलिशचा ठिपका दिला, खाली पांढरा थर देऊन. पांढऱ्याशिवाय केशरी मळकट दिसतं.

11 मे: दुसऱ्या काडतुसांची चाचणी

124 ग्रेन (8 ग्रॅम) साधी, आणि 147 ग्रेन (साडेनऊ ग्रॅम) पोकळ टोकाची. पोकळ टोक महाग, 20 ची पेटी 24 डॉलर. चारही मॅगझिनांतून प्रत्येकी दहा, कारण पोकळ टोक फीड रॅम्पवर अडतं की नाही हे एका मॅगझिनवरून कळत नाही. अडलं नाही. 147 ग्रेनचा झटका हळू ढकलल्यासारखा, पुंजका 115 पेक्षा इंचभर वर. जास्त दाबाची, +पी खुणेची काडतुसं स्टीलच्या फ्रेमला सोसतात, पण जुन्या पिस्तुलाला रोज ती खायला घालून मिळवायचं काय?

एक काडतूस नेहमीपेक्षा बारीक ‘पट’ आवाज करून सुटलं. लगेच थांबून, रिकामं करून, नळीतून उजेड पाहिला. मोकळी होती. असा आवाज आला की गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची मारायचीच नाही, मागे रांग लागलेली असली तरी.

18 मे: मूठ आणि मेनस्प्रिंग

नवी नव्हे, जुन्या साठ्यातली पण अखंड मूठ, 38 डॉलर. ही प्लास्टिकची एकसंध मूठ फ्रेमला मागून वेढते आणि टाचेजवळच्या एका पिनवर टिकते. तीच मेनस्प्रिंगला तळातून दाबून धरते, म्हणून आधी घोडा उतरलेला असल्याची खात्री. स्प्रिंगचा दाब तेव्हा सगळ्यात कमी असतो. मॅगझिन बाहेर. योग्य मापाच्या पंचाने पिन ठोकून काढली, तळवा टाचेवर घट्ट दाबून ठेवला, मग मूठ हळूहळू खाली सरकवली. स्प्रिंग आणि तिच्या टोकाची छोटी टोपी तळहातात आली.

मुठीखाली घामाचे डाग, एका जागी नखाएवढा गंज. स्टेनलेस म्हणून गंजत नाही हा भ्रम आहे, खारट घाम वर्षानुवर्षं अडकून राहिला तर स्टेनलेसही डागाळतं. तेल लावलेल्या ब्राँझ लोकरीने निघाला, खाली खड्डा नव्हता. पुसून तेलाचा पातळ थर.

बसवताना खरा त्रास. नवी मेनस्प्रिंग ताठ, मूठ वर ढकलून भोकं जुळवायची आणि त्याच वेळी पिन घालायची, याला तीन हात लागतात. उपाय: पिस्तूल उलटं धरून मुठीची टाच टेबलावरच्या रबरी पॅडवर दाबायची, पिनपेक्षा किंचित बारीक पंच भोकांतून आरपार घालून सगळं जुळवून ठेवायचं, आणि खरी पिन मागून ठोकत पंच बाहेर ढकलायचा. पिन दोन्ही बाजूंनी समपातळीत. बाहेर राहिली तर तळहाताला बोचते.

चारही चाचण्या पुन्हा रिकाम्या पिस्तुलावर घेतल्या, बरोबर. चापाची लांब ओढ मोजली तर 12 पौंड, हलकी साडेपाच. जुन्या स्प्रिंगवर लांब ओढ 11 होती. पौंडभर जड झाली, राहू दे. जुनी मेनस्प्रिंग, जुनी रिकॉइल स्प्रिंग आणि मॅगझिन 3 कचऱ्यात. मॅगझिनचे ओठ आधी पक्कडीने चेपून टाकले, म्हणजे कोणी उचलून पुन्हा विकायला नको.